उल्सानचा किनारा आणि आपला किनारा : कोरिया कारखान्यांचा देश कसा झाला?

जांभा (धागाकर्ता)

कोकणात उद्योगाचा विषय निघाला की एकाच प्रश्नावर गाव दुभंगतं : प्रकल्प हवा की नको? दाभोळची वीज झाली, जैतापूरची अणुभट्टी झाली, रिफायनरीसाठी नाणार झालं, मग बारसू. भाऊबंदांचं बोलणं तुटतं, पोलीस येतात, पुढारी येऊन जातात, आणि काही वर्षांनी प्रकल्प येतो तरी किंवा दुसरीकडे जातो तरी. या सगळ्या वर्षांत एक प्रश्न कुणी सभेत विचारल्याचं मला आठवत नाही. एखादा देश वस्तू बनवण्यात बलवान होतो तो कशाच्या जोरावर? कारखाना उभा राहिला म्हणजे समृद्धी येते का, की त्याआधी आणि त्याच्या आत आणखी काही घडावं लागतं? त्यासाठी हा धागा. लांब आहे, पण सवडीने वाचा.

मी दक्षिण कोरिया घेतो. तोही डोंगर आणि समुद्र यांच्या मधला, तेल नसलेला, शेतीला सपाट जमीन कमी असलेला देश. १९६० च्या सुमारास त्याचं दरडोई उत्पन्न आपल्याच पंगतीतलं होतं, वर्षाला शंभर डॉलरच्या आसपास. आज ते तीस हजार डॉलरच्या वर आहे.

त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर उल्सान नावाचं शहर आहे. पूर्वी तिथे मासेमारी आणि देवमाशांची शिकार चालायची. १९६२ मध्ये सरकारने ते औद्योगिक क्षेत्र म्हणून जाहीर केलं. १९७१ मध्ये ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग जहाजबांधणीच्या गोदीसाठी कर्ज मागायला इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांच्याकडे गोदी नव्हती, एकही जहाज बांधल्याचा अनुभव नव्हता. त्यांनी खिशातून ५०० वॉनची नोट काढून तिच्यावरचं सोळाव्या शतकातलं कासवाच्या आकाराचं लढाऊ जहाज दाखवलं आणि आमच्या पूर्वजांनी हे बांधलं होतं असं सांगितलं, ही गोष्ट कोरियात घरोघर सांगितली जाते. आपल्याकडेही कान्होजी आंग्र्यांची गुरबं आणि गलबतं आहेत, विजयदुर्ग आहे. अभिमान दोन्हीकडे सारखाच. पुढे काय केलं, ते पाहू.

मार्च १९७२ मध्ये उल्सानच्या गोदीचं भूमिपूजन झालं. ग्रीसच्या एका जहाजमालकाने २,६०,००० टनांची दोन तेलवाहू जहाजं मागवली होती. गोदी खणणं आणि जहाज बांधणं एकाच वेळी चाललं. नकाशे स्कॉटलंडच्या गोदीतून आणले आणि माणसं शिकायला तिकडे पाठवली. १९७४ मध्ये पहिल्या जहाजाचं नामकरण झालं. आता आपल्याकडचं बघा. कोचीन शिपयार्ड स्थापन झालं तेही १९७२ मध्येच, जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने. तिथलं पहिलं जहाज, ‘राणी पद्मिनी’, सुपूर्द झालं १९८१ मध्ये. ‘विक्रांत’ बांधणारी हीच गोदी. तिथल्या माणसांच्या हातांत काही कमी होतं असं कुणीही म्हणणार नाही. मग दोन वर्षं आणि नऊ वर्षं हा फरक पडला कुठे?

‘कोरियन लोक कष्टाळू’ असं उत्तर लगेच येतं. ते मला पटत नाही. कष्ट आपल्या आयांनी काय कमी केले? कातळावर शेणमाती टाकून वरी-नाचणी पिकवणारी माणसं आहेत ही. ‘कोरियात हुकूमशाही होती’ हेही अर्धंच उत्तर. हुकूमशाह्या जगात पुष्कळ झाल्या, त्यांतल्या बहुतेक देशांना कंगाल करून गेल्या.

मला कळलेलं सगळ्यात मोठं कारण वेगळं आहे. कोरियन सरकारने कारखानदारांना भरपूर मदत केली : स्वस्त कर्ज, आयातीपासून संरक्षण, जमीन. पण त्या मदतीला एक अट जोडली. माल परदेशात विकून दाखवा. १९६१ मध्ये पार्क चुंग-ही सत्तेवर आले, बँका सरकारच्या ताब्यात गेल्या, आणि कर्ज कुणाला मिळणार हे निर्यातीच्या आकड्यावर ठरू लागलं. साठच्या दशकाच्या मध्यापासून दर महिन्याला निर्यातीची बैठक व्हायची आणि तिला राष्ट्राध्यक्ष स्वतः बसायचे. १९६४ मध्ये निर्यात १० कोटी डॉलर झाली, १९७० मध्ये १०० कोटी, १९७७ मध्ये १,००० कोटी. सुरुवातीला विकत काय होते? प्लायवूड, कपडे आणि माणसांच्या केसांचे टोप. त्यात कमीपणा मानला नाही.

संरक्षण आपल्याकडेही होतं, कदाचित जास्तच. ॲम्बेसेडर गाडी १९५० च्या दशकात आली आणि २०१४ पर्यंत थोड्याफार बदलांनी बनत राहिली. बराच काळ गिऱ्हाईकाला दुसरं फारसं काही घेता येत नव्हतं, म्हणून तिला सुधारावं लागलं नाही. ह्युंदाईची पहिली स्वतःची गाडी, पोनी, १९७५ मध्ये आली. इंजिनाचं तंत्र मित्सुबिशीचं, रेखाटन एका इटालियन माणसाचं. पुढच्याच वर्षी ती इक्वेडोरला निर्यात झाली. बंदिस्त घरच्या बाजारात नफा कमवू दिला, पण बाहेरच्या बाजारात परीक्षा द्यायला लावली. परक्या गिऱ्हाईकाला तुमच्या मंत्र्याची ओळख चालत नाही. आपल्याकडे त्याच काळात परवान्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त माल बनवला तर कारखानदाराला जाब द्यावा लागायचा. पोलाद तर आपल्याकडे त्यांच्या आधी होतं. भिलाई आणि राउरकेला १९५९ मध्येच सुरू झाले होते. कोरियाच्या पोहांगमधून लोखंड बाहेर पडलं जून १९७३ मध्ये. कारखाने आपल्याकडे होते, त्यांना कामाला लावणारी अट नव्हती.

पोहांगची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती मला फार मोलाची वाटते. जागतिक बँकेचं मत पडलं की कोरियाला पोलाद कारखाना परवडणार नाही. १९६५ च्या करारानुसार जपानकडून त्यांच्या कोरियावरच्या राजवटीच्या हिशेबापोटी ३० कोटी डॉलरचं अनुदान आणि २० कोटींचं कर्ज आलं होतं; त्यातला पैसा या कारखान्याकडे वळवला. कारखान्याचे प्रमुख पार्क ते-जून बांधकामावरच्या माणसांना सांगायचे की हा आपल्या पूर्वजांच्या रक्ताचा पैसा आहे, फसलो तर उजवीकडे वळून समुद्रात उडी घ्यायची. एवढं दडपण योग्य की अयोग्य ते तुम्ही ठरवा. मला एवढंच दिसतं की आलेला पैसा कुठला आहे याचं भान तिथल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचलेलं होतं.

आणि या सगळ्याच्या खाली, कारखान्यांच्याही आधी, दोन गोष्टी झाल्या होत्या : जमीन आणि शाळा. १९५० मध्ये कोरियात कूळकायदा अमलात आला, साधारण तीन हेक्टरची कमाल मर्यादा आली, जमीनदार वर्ग मोडला. आणि १९६० पर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल प्राथमिक शाळेत होतं. उल्सानच्या गोदीत जो पोरगा वेल्डिंग शिकायला उभा राहिला तो कुळाचा मुलगा होता, पण वाचू शकत होता आणि कुणाचा मिंधा नव्हता.

आपल्या प्रकल्पांच्या वादात मला हेच हरवलेलं दिसतं. एकरी भाव किती आणि नोकऱ्या किती यावर आपण भांडतो. तिथे आपली मुलं काय शिकणार, प्रकल्पाला लागणारा नट-बोल्ट कुठे बनणार, आणि दहा वर्षांनी तो कारखाना गेला तर आपल्या हातात कोणती विद्या उरणार, हे कुणी विचारत नाही. तुम्हाला काय वाटतं?

सुरंगी

जांभादादा, मांडणी आवडली. पण उल्सानची गोष्ट सांगताना तुम्ही ओन्सानला वळसा घातलात. मी लोट्याच्या पट्ट्यातली आहे, मला तो वळसा घालता येणार नाही.

ओन्सान उल्सानच्या अगदी शेजारी. सत्तरच्या दशकात तिथे तांबं, जस्त अशा धातूंचे कारखाने आणि तेलशुद्धीकरण आणलं. ऐंशीच्या दशकात तिथल्या मच्छीमार आणि शेतकरी वस्त्यांतल्या माणसांचे हातपाय आणि सांधे दुखू लागले, शेकडो माणसं आजारी पडली. वर्तमानपत्रांनी त्याला ‘ओन्सानचा आजार’ म्हटलं. सरकारने हा प्रदूषणाचा आजार आहे हे मान्य केलं नाही, पण हजारो लोकांना तिथून उठवून दुसरीकडे वसवलं. म्हणजे गाव गेलं ते गेलंच, आणि कशामुळे गेलं हेही कुणी कबूल केलं नाही.

लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीखाली दाभोळची खाडी आहे. खाडीत मासे मरून तरंगतात तेव्हा खाडीपट्ट्यातल्या भोई बायांच्या टोपल्या रिकाम्या राहतात. त्या बायकांना निर्यातीचा आकडा सांगून काय उपयोग? १९९३ मध्ये रत्नागिरीकरांनी तांब्याचा कारखाना नाकारला, तो तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे मे २०१८ मध्ये त्याच्याविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार होऊन तेरा माणसं मेली आणि कारखाना बंद पडला. रत्नागिरीचे लोक विकासाच्या आड आले असं ज्यांनी तेव्हा म्हटलं, त्यांनी हे आठवावं.

आणि कामगारांचं काय? सोलच्या कापड बाजारातल्या शिवणकामाच्या कोंदट खोल्यांमध्ये अगदी कोवळ्या मुली दिवसाचे चौदा-चौदा तास काम करत होत्या. चोन ते-इल नावाच्या बावीस वर्षांच्या शिंप्याने १३ नोव्हेंबर १९७० रोजी कामगार कायद्याचं पुस्तक हातात घेऊन स्वतःला पेटवून घेतलं. आम्ही यंत्रं नाही, असं तो ओरडत होता. तुमच्या १०० कोटी डॉलरच्या निर्यातीचं वर्ष हेच. समृद्धीची कारणं सांगायची तर ही माणसंही त्यात धरायला हवीत.

जांभा

सुरंगीताई, हे मूळ लेखात यायला हवं होतं, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. एक भर घालतो. १९८७ मध्ये कोरियात लोकशाहीसाठी देशभर आंदोलन झालं आणि त्याच उन्हाळ्यात कामगारांचे प्रचंड संप झाले. त्यांचं केंद्र उल्सानच होतं. युनियन आल्या, पगार भराभर वाढले. तेव्हा पुष्कळांना वाटलं की आता कोरियाचा माल महागणार आणि निर्यात बसणार. तसं झालं नाही. स्वस्त मजुरीवर विकता येईना तेव्हा कारखान्यांना जास्त चांगला माल करणं भाग पडलं. म्हणून मला वाटतं, कमी पगार हे कोरियाच्या बळाचं कारण नव्हतं. तसं असतं तर पगार वाढल्यावर ते बळ संपलं असतं.

उल्सानमधून वाहणारी थेह्वा नदी नव्वदच्या दशकात मेलेली होती. सांडपाण्यावर खर्च करून तिला पुन्हा जिवंत केली आणि २०१९ मध्ये तिच्या काठच्या बागेला ‘राष्ट्रीय बाग’ असा दर्जा मिळाला. पण ओन्सानच्या लोकांना त्यांची गावं परत मिळाली नाहीत, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. आपल्याला आधी घाण आणि मग सफाई हा क्रम घ्यायची सक्ती नाही. सांडपाणी शुद्ध करण्याचं तंत्र त्यांना १९७५ मध्ये महाग होतं; आज ते आपल्याला न परवडण्याइतकं महाग नाही.

काजीबागवालो

मी वेंगुर्ल्याचो. कोरिया माका लांब पडता, मी काजीचा सांगतंय.

आमच्याकडे काजीचे कारखाने माझ्या आजोबापासूनचे. बायका रांगेन बसान बियो फोडतत, टरफलाच्या तेलान हाताची साला जातत. राख लावून काम करतत. ह्यो धंदो आमचो, बी आमची, वेंगुर्ल्याक फळसंशोधन केंद्र आसा, तेंनी काढलेल्या ‘वेंगुर्ला चार’ आणि ‘वेंगुर्ला सात’ जाती सगळ्या कोकणात लावलेल्यो आसत. तरी काजूगर निर्यातीत भारत मागे पडलो आणि व्हिएतनाम पुढे गेलो. कित्याक?

आता सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण भाषेत लिहितो. काजूगराच्या निर्यातीत जगात पहिला भारतच होता. २००६ च्या सुमाराला व्हिएतनाम पुढे गेला आणि तेव्हापासून पुढेच आहे. बरं, त्यांच्याकडेही स्वतःची बी पुरत नाही, आफ्रिकेतून आणि कंबोडियातून आणतात. आपणही आफ्रिकेतून आणतो. कच्चा माल दोघांचा सारखाच. मजूर दोघांकडे. मग फरक काय, हे मी धंद्यातल्या माणसांना बरंच विचारलं. त्यांनी बी फोडायची आणि साल काढायची यंत्रं बनवली, त्यांच्याच देशातल्या छोट्या वर्कशॉपांत. पहिली यंत्रं गर फार तोडायची. पांढऱ्या अखंड गराला भाव, तुकडा झाला की भाव पडतो, त्यामुळे ती यंत्रं कुणी घेणार नाही असं वाटलं होतं. पण यंत्र बनवणारा आणि कारखानदार शेजारी शेजारी होते. आज काय मोडलं ते उद्या सांगायचं, पुढच्या आठवड्यात पातं बदलून यायचं. असं करत करत यंत्र सुधारलं. आता ते लोक आफ्रिकेत काजू विकत घ्यायला जातात तेव्हा यंत्रंही विकून येतात.

आमच्या कारखान्यात यंत्र बिघडलं तर माणूस यायला किती दिवस लागतात विचारू नका. सीझन एप्रिल-मेचा, तो थांबत नाही. माझं जांभा यांना म्हणणं असं की तुमची जहाजं आणि पोलाद मोठी आहेत, पण सिंधुदुर्गात खरं कारखानदारीचं बीज काजूत होतं आणि ते यंत्र बनवणाऱ्या हातांच्या अभावी खुरटलं. कुडाळला एमआयडीसी आहे. तिथे काजूचं यंत्र बनवणारी दहा वर्कशॉपं असती तर? बोंडांचा विषय तर काढतच नाही, बागेत कुजून जातात.

गिरणगावातून

खोतीचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. कोरियाच्या कूळकायद्याचं वाचून लगेच आपलं आठवलं. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक आणलं. खोती निर्मूलन कायदा झाला १९४९ मध्ये, कूळकायदा त्याच्या एक वर्ष आधी. म्हणजे जमिनीच्या बाबतीत कोकण कोरियाच्या मागे नव्हतं, लढा तर आपला जुना आहे.

मग कूळ सुटलं तरी कोकण कारखानदार का झालं नाही? माझं कुटुंब चार पिढ्या परळला. आजोबा संगमेश्वर तालुक्यातून आले, गिरणीत साचेवाले झाले. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५०च्या दशकात निघाली आणि तेव्हापासून कोकणचा तरणा माणूस मुंबईला गेला. गावात राहिल्या बायका, म्हातारे आणि पोस्टमनची वाट. मनीऑर्डर यायची, त्यातून घराचं कौल बदलायचं, लग्नं व्हायची. त्या पैशातून गावात धंदा उभा राहिला नाही, कारण धंदा करणारा माणूस गावात नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद झाल्या तेव्हा साच्यावर पस्तीस वर्षं काढलेली माणसं गावी परतली. त्यांच्या हातातली कला गावात कुणाला लागणार होती? काहींनी रिक्षा घेतली, काही नुसते ओटीवर बसून राहिले. माझे काका त्यातले. कोरियात गावातला माणूस उल्सानला गेला आणि त्याच्या पाठोपाठ पुरवठादार आले, शाळा आल्या, शहर वाढलं. आपण कारागीर एका शहराला दिले आणि त्या शहराने ते काम संपल्यावर परत पाठवले.

आता सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावं. अर्ध्या लोकांचा पत्ता माहीत नाही. कुणाला दोन गुंठ्यांवर वर्कशॉप टाकायचं म्हटलं तर सह्या गोळा करण्यात आयुष्य जाईल. जमीन सुटली, पण वापरता येईल अशी राहिली नाही. यावर कुणी कायद्यातलं जाणकार लिहील का?

मांडवी

मला मूळ मांडणीच जरा एकांगी वाटते. कोरियाला अमेरिकेने भरमसाट मदत दिली. व्हिएतनामच्या युद्धात कोरियन सैन्य पाठवलं त्याचे डॉलर आले, बांधकामाची कंत्राटं आली. अमेरिकेची बाजारपेठ त्यांच्यासाठी उघडी होती. शीतयुद्धात उत्तर कोरियासमोर दक्षिण कोरिया उभा राहणं अमेरिकेची गरज होती. आपण अलिप्त राहिलो, आपल्याला कुणी असं उचलून धरणार नव्हतं. शिवाय पाच कोटींचा देश आणि एकशे चाळीस कोटींचा देश यांची तुलना होत नाही. आणि आजचा कोरिया बघा : २०२३ मध्ये जन्मदर प्रति स्त्री ०.७२ इतका खाली गेला, जगातला सर्वांत कमी. तरुणांना लग्न नको, मूल नको. इतकी दमछाक करून मिळवलेल्या समृद्धीला आपण आदर्श म्हणायचं का?

जांभा

मांडवी, मुद्दे रास्त आहेत. मदतीचं उत्तर देतो. अमेरिकन मदत फिलिपिन्सलाही होती, बाजारही खुला होता, आणि १९६० मध्ये फिलिपिन्स कोरियाच्या पुढे होतं. तिथे जमीनदारी मोडली गेली नाही आणि मदत घेणाऱ्याला निर्यातीची परीक्षा नव्हती. त्यामुळे मदतीने दार उघडलं हे मान्य, पण आत चालत जाणं त्यांनी स्वतः केलं. एक उदाहरण तर मला विसरता येत नाही. १९७३ च्या तेलसंकटात उल्सानमध्ये बांधून होत आलेल्या तेलवाहू जहाजांचे ग्राहक मागे हटले. कुणीही अशा वेळी गोदी बंद केली असती. त्यांनी ती उरलेली जहाजं घेऊन १९७६ मध्ये स्वतःची जहाज वाहतूक कंपनी काढली, आणि सरकारने देशाचं तेल त्यांतून आणायची सोय केली.

लोकसंख्येबद्दल : एकशे चाळीस कोटींचा देश नको घेऊ या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही मिळून पंचवीस लाखांच्या आसपास माणसं होतात. एवढ्यांचा विचार करायला कोरिया फार लहान नाही.

‘आपल्याकडे होत नाही’ या भावनेबद्दलही बोलायला हवं. कोकण रेल्वे आठवा. ७४१ किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे, पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंच पूल, साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा. १९९० मध्ये महामंडळ झालं आणि जानेवारी १९९८ मध्ये गाडी सलग धावली. महामंडळाचे प्रमुख श्रीधरन यांनी जागेवरच्या अभियंत्याला निर्णयाचा अधिकार दिला आणि तारीख पाळायला लावली. उल्सानसारखीच पद्धत, आणि आपल्या लोकशाहीत, आपल्या जांभ्यात आणि आपल्या पावसात. मला खंत वेगळीच आहे. ते बोगदे खणताना जी माणसं तयार झाली, जी छोटी वर्कशॉपं मार्गाच्या कडेने उभी राहिली, त्यांना पुढचं काम कोकणात मिळालं नाही. काम संपलं, माणसं पांगली.

जन्मदराचं तुमचं म्हणणं मी खोडत नाही. शाळेपासून शर्यत लावलेला समाज दमतो. ती शर्यत घेऊ नये असंच मलाही वाटतं.

फिटरमास्तर

आयटीआयमध्ये शिकवतो, कुठल्या ते लिहीत नाही. या धाग्यात माझा विषय आला म्हणून थोडं.

कोरियाने सत्तरच्या दशकात कायदा करून मोठ्या कारखान्यांना स्वतःचे कामगार घडवणं सक्तीचं केलं. घडवले नाहीत तर पैसे भरा. तंत्रशाळा काढल्या, तिथल्या हुशार गरीब मुलांची फी माफ. जागतिक कौशल्य स्पर्धेत १९६७ मध्ये पहिल्यांदा उतरले आणि १९७७ मध्ये देश म्हणून पहिले आले. जिंकून आलेल्या फिटरची, वेल्डरची मिरवणूक निघाली. आपल्या गावात दहावीला नव्वद टक्के मिळवणाऱ्याचा फ्लेक्स लागतो. कानशीने घासून फायलिंगचा जॉब मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक बसवणाऱ्या मुलाचा लागलेला मी अजून पाहिला नाही, आणि तो मुलगा माझ्या वर्गात असतो.

आमची मुलं चांगली आहेत. व्हर्नियर, मायक्रोमीटर नीट वाचतात, लेथवर हात बसतो. पास झाली की चाकणला जातात. आई-वडील विचारतात, इथे काही नाही का हो? इथे रासायनिक कारखान्यात ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून लागतं, तिथे फिटरचं काम फिटरला देत नाहीत, सहा-सहा महिन्यांनी माणूस बदलतात. सहा महिन्यांत कुणी काही शिकत नाही. कोरियातला कामगार एकाच गोदीत वीस वर्षं राहायचा, फोरमन व्हायचा, नव्या पोराला हाताखाली घ्यायचा. मोठा साहेब आणि हेल्पर यांच्या मधली ही जी माणसं, त्यांच्यावर सगळा कारखाना उभा असतो. आपल्याकडे अप्रेंटिसचा कायदा १९६१ पासून आहे. प्रकल्पाशी करार करताना ग्रामसभेने एवढं एक कलम मागावं : दर वर्षी तालुक्यातले इतके अप्रेंटिस, कायम फोरमनच्या हाताखाली, आणि पूर्ण झाल्यावर ट्रेडचंच काम.

नाखवा

सगळं वाचलं. आम्ही मासेमारीवाले. कोरियात मच्छीमारांचं काय झालं हे सुरंगीताईंनी लिहिलं ते वाचून रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो. पण कारखाना नको म्हणणारा मी नाही. कुठला, कुणाच्या हातात आणि खाडीत काय सोडणार, हे आधी कळलं पाहिजे.

आमच्याकडे जून-जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढतो, शाकारतो आणि सगळी दुरुस्ती त्या दोन महिन्यांत. इंजिन उघडायचं, शाफ्ट, पंखा, गिअरबॉक्स, विंच, सगळं. प्रत्येक बंदरात एक-दोन लेथवाले आहेत, त्यांच्याकडे तेव्हा रांग. सुट्टे भाग मुंबईहून येतात. लाकडी बोट बांधणारे जुने मेस्त्री आता थोडे राहिले, फायबरच्या बोटी आल्या. मेस्त्री नकाशा काढत नसे, डोळ्याने बांधायचा, आणि बोट लाटेवर बरोबर बसायची. त्यांची मुलं मुंबईत फर्निचर करतात.

उल्सानलाही नुसती नवी जहाजं नव्हती ना? दुरुस्तीचं काम होतं का, ते सांगा.

जांभा

होतं, नाखवाकाका. १९७५ मध्ये शेजारीच खास जहाज दुरुस्तीची वेगळी गोदी काढली. दुसऱ्यांची जहाजं उघडून दुरुस्त करता करता ती शिकली आणि पुढे नवी जहाजं बांधायला लागली.

म्हणून माझा प्रस्ताव. रिफायनरीचा वाद आपण इथे सोडवणार नाही, पण मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत हजारो बोटींची दुरुस्ती दर पावसाळ्यात होते, हे काम आपलंच आहे आणि त्यासाठी कुणाची जमीन घ्यायची नाही. काजूच्या यंत्रांचंही तसंच. कोणता भाग सगळ्यात जास्त मोडतो, कुठून येतो, किती दिवस लागतात, अशी यादी नाखवाकाका आणि काजीबागवाले यांनी दिली तर फिटरमास्तर सांगू शकतील की त्यातलं काय आयटीआयच्या लेथवर आणि मिलिंगवर होईल आणि कशाला ओतकाम लागेल. कोल्हापूर जवळ आहे, तिथे फाउंड्र्या आहेत. ओतीव माल तिथून आणता येईल.

नाखवा

देतो. सगळ्यात आधी विंचचं गिअर आणि शाफ्टचं बुश. बुश तर दर वर्षी बदलतो. मापं माझ्याकडे लिहिलेली आहेत, तीन प्रकारच्या इंजिनांची. उद्या भावाच्या मुलाकडून टाईप करून टाकतो.

काजीबागवालो

माझ्याकडून कटरचा पाता. जोडीक नवो आणि झिजलेलो दोनय पाठवतंय, मास्तरांनी पत्तो कळवा.